मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी
(इयत्ता ५ वी ते ७ वीच्या वर्गांसाठी निरीक्षणपाठ)

प्रास्ताविक

परिसर अभ्यास हा विषय केवळ पुस्तकातून वाचून घ्यावयाचा नसून डोळ्यांनी पाहून व हातांनी करून शिकावयाचा असतो, हे प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. तथापि पाहण्यासाठी नेमके काय निवडावे हा प्रश्न दर वर्षी नव्याने उभा राहतो. ज्या गावात मका, ज्वारी किंवा ऊस पिकतो, त्या गावात या प्रश्नाचे एक उत्तर शाळेच्या कुंपणापलीकडेच सापडते. मक्याच्या पोंग्यात दडून बसणारी अमेरिकन लष्करी अळी हे ते उत्तर होय.

या अळीचे नाव आता खेडोपाडी सर्वांच्या तोंडी आहे. तिची खरी ओळख मात्र थोड्यांनाच आहे. शेतकऱ्याच्या नजरेस ती पडते तेव्हा ती बोटाएवढी झालेली असते, आणि एवढी होईपर्यंत तिने खावयाचे ते बहुतेक खाऊन टाकलेले असते. त्यापूर्वीचे आठ-दहा दिवस ती शेतात असतेच. परंतु त्या दिवसांत ती दिसत नाही, कारण काय पाहावयाचे हे पाहणाऱ्यास ठाऊक नसते. परक्या किडीचा पहिला विजय हा असा आपल्या अपरिचयामुळे होतो. हा अपरिचय दूर करणे हे फवाऱ्याचे काम नव्हे, ते शिक्षणाचे काम आहे. आणि म्हणून या पाठास प्राथमिक शाळेत स्थान आहे.

पाठाचे हेतू

१. कीटकाच्या चार अवस्था मुलांनी प्रत्यक्ष पाहून समजून घेणे.
२. परदेशातून आलेली कीड नव्या प्रदेशात एवढ्या वेगाने का वाढते, याची कारणे मुलांना सांगता येणे.
३. शत्रुकीटक व मित्रकीटक यांतील भेद ओळखता येणे.
४. पाहिलेल्या गोष्टींची मोजदाद करून तिची व्यवस्थित नोंद ठेवण्याची सवय लागणे.

शिक्षकाने प्रथम जाणून घ्यावयाची माहिती

ही कीड मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण व उपोष्ण प्रदेशातील. तिचे शास्त्रीय नाव स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा असे असून त्यातील फ्रुजिपर्डा हा भाग सन १७९७ पासून चालत आलेला आहे. म्हणजे शास्त्रज्ञांना ती दोनशेहून अधिक वर्षे परिचित आहे. एका शेतातील खाद्य संपले म्हणजे अळ्यांचे थवेच्या थवे शेजारच्या शेतावर चाल करून जातात, म्हणून तिला लष्करी अळी म्हणतात. इंग्रजीत तिच्या नावामागे शरद ऋतूचा वाचक शब्द जोडलेला आहे आणि त्यामागील कारण मुद्दाम लक्षात घेण्यासारखे आहे. या किडीला कडाक्याची थंडी सोसत नाही. बर्फ पडू लागले की उत्तर अमेरिकेच्या बहुतेक भागांत ती मरून जाते आणि केवळ फ्लॉरिडा, टेक्सस अशा दक्षिणेकडील उबदार प्रदेशांत तग धरते. पुढील वर्षी तेथून तिचे पतंग पुन्हा उत्तरेकडे उडत जातात आणि उन्हाळा सरता सरता, शरदाच्या सुमारास, तेथील पिकांवर दिसू लागतात. अशा रीतीने तेथे दर वर्षी हिवाळाच तिचा हिशेब चुकता करतो.

आपल्याकडे मका पिकणाऱ्या बहुतेक प्रदेशांत असा हिवाळा नाही. त्यातच खरिपात मका, रब्बीत मका आणि पाणी असेल तेथे उन्हाळ्यात वैरणीसाठीही मका, असे पीक बारा महिने उभे असते. जी अडचण या किडीला तिच्या मूळ देशात दर वर्षी येते, ती येथे येत नाही. मुलांच्या मनावर हा मुद्दा ठसला म्हणजे पाठाचा अर्धा भाग साधला असे समजण्यास हरकत नाही.

आता तिचा प्रवास पाहू. सन २०१६ च्या आरंभी ती प्रथमच अमेरिकेबाहेर, पश्चिम आफ्रिकेत आढळली. सन २०१८ च्या सुरुवातीस, म्हणजे अवघ्या दोन वर्षांत, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील चाळीसहून अधिक देशांत ती पसरली होती. आफ्रिकेतील कोट्यवधी लोकांचे रोजचे अन्न मका हेच आहे. सन २०१७ मध्ये केलेल्या एका अंदाजानुसार, किडीस रोखण्याचे काहीच उपाय न केल्यास तेथील १२ देशांत मिळून वर्षाला ८३ लाख ते २ कोटी ६ लाख टन मक्याचे नुकसान होऊ शकत होते. सन २०१८ च्या मे महिन्यात ती भारतात, कर्नाटकातील शिवमोगा येथे मक्यावर दिसली. त्याच वर्षी ती महाराष्ट्रात आली आणि मक्याबरोबर उसावरही आढळली. सन २०१९ मध्ये ईशान्येकडील मिझोराम राज्यात मक्याची मोठी हानी झाली. त्याच वर्षाच्या जानेवारीत ती चीनच्या युन्नान प्रांतात पोहोचलेली होती आणि सन २०२० च्या आरंभी समुद्र ओलांडून ऑस्ट्रेलियात दाखल झाली. चार वर्षांत तीन खंड तिने पादाक्रांत केले.

हे कसे घडले? पहिले कारण म्हणजे तिच्या पतंगाची उड्डाणशक्ती. अनुकूल वारा असेल तर तो एका रात्रीत सुमारे १०० किलोमीटर जाऊ शकतो. दुसरे कारण माणसाचा व्यापार. भाजीपाला व इतर शेतमालाबरोबर अंडी व अळ्या नकळत एका देशातून दुसऱ्या देशात जातात. तिसरे कारण तिची प्रजननशक्ती आणि चौथे कारण तिच्या नैसर्गिक शत्रूंची उणीव. शेवटच्या दोन कारणांचा विचार पाठात पुढे येईल. जगाचा नकाशा भिंतीवर लावून सनावळीप्रमाणे या देशांवर टाचण्या टोचाव्यात व त्यांना दोरा बांधावा. भूगोलाचा एक तास त्यात उत्तम प्रकारे उपयोगी पडेल.

किडीचा जीवनक्रम

मादी पतंग रात्री मक्याच्या पानावर अंडी घालते. अंडी सुटी नसतात. १०० ते २०० अंड्यांचा पुंजका असतो आणि त्यावर मादीच्या अंगावरील करड्या केसांचे आवरण असते. पानाला बुरशी लागली असावी किंवा कापसाचा चपटा बोळा चिकटला असावा असा तो दिसतो. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात.

बाहेर येणारी अळी हिरवट व काळ्या डोक्याची असून ती इतकी लहान असते की, नुसत्या डोळ्यांनी ती जेमतेम दिसते. पान कुरतडून आरपार भोक पाडण्याचे बळ तिच्या अंगी नसते. ती पानाचा हिरवा भाग खरवडून खाते आणि खालचा पातळ पापुद्रा तसाच ठेवते. त्यामुळे पानावर पांढरट, कागदासारख्या झिरझिरीत खिडक्या दिसतात. काही अळ्या तोंडातून काढलेल्या रेशमी धाग्यास लोंबकळून वाऱ्याबरोबर शेजारच्या ताटावर जातात. पुढे अळी पोंग्यात शिरते. पोंगा म्हणजे मक्याच्या शेंड्याची न उलगडलेली पानांची गुंडाळी. तेथे ती उमलत्या पानांना भोके पाडते; पाने उलगडली म्हणजे त्यांवर ओळीने मोठी, फाटकी छिद्रे दिसतात. पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी ओलसर विष्ठा साचते. अनेक अळ्या एका पोंग्यात आल्या तर त्या एकमेकींस खातात, म्हणून शेवटी एका पोंग्यात बहुधा एक किंवा दोनच मोठ्या अळ्या राहतात.

अळी सहा अवस्थांतून वाढते आणि उष्ण दिवसांत ही वाढ सुमारे दोन ते तीन आठवड्यांत पुरी होते. पूर्ण वाढलेली अळी तीन ते चार सेंटिमीटर लांब असते. तिच्या ओळखीच्या दोन खुणा पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. एक, डोक्यावर उलट्या ठेवलेल्या इंग्रजी वाय अक्षरासारखी फिकट रेघ असते. दोन, शेपटीकडील एका वलयावर चार ठळक काळे ठिपके चौरसाच्या चार कोपऱ्यांप्रमाणे असतात. या दोन्ही खुणा असल्या तरच ती अमेरिकन लष्करी अळी होय.

वाढ पूर्ण झाली की अळी जमिनीवर उतरते आणि दोन ते आठ सेंटिमीटर खोल मातीत तांबूस तपकिरी कोष करते. उन्हाळ्यात आठ-नऊ दिवसांत आणि थंडीत त्याहून बऱ्याच उशिरा त्यातून पतंग बाहेर पडतो. नराच्या पुढच्या पंखाच्या टोकाशी पांढरट डाग असतो. मादीचे पंख एकसारखे करडे असतात. उबदार हवेत अंड्यापासून पतंगापर्यंतचा हा फेरा सुमारे महिन्याभरात पुरा होतो. म्हणजे मक्याच्या एका हंगामात तीन पिढ्या सहज होऊ शकतात.

या सर्वांत अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, अळी तिच्या संपूर्ण आयुष्यात जेवढे खाते, त्यापैकी सुमारे तीनचतुर्थांश ती एकट्या शेवटच्या अवस्थेत खाते. पहिल्या आठवड्यात तिने केलेले नुकसान नगण्य असते, आणि त्याच वेळी ती पानावर उघडी असल्यामुळे हाती लागते. मोठी झाल्यावर ती पोंग्याच्या तळाशी, स्वतःच्या विष्ठेच्या बुचाखाली सुरक्षित बसते आणि वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. शेतकऱ्याचा पैसा खर्च होतो, औषध पानांवर व मातीवर पडते आणि अळी जिवंत राहते. झिरझिरीत खिडक्या ओळखणारा डोळा आणि फाटकी पाने पाहून धावणारा डोळा, यांत एवढे अंतर आहे.

पाठाची मांडणी

पूर्वतयारी : वर्गात फुलपाखराच्या जीवनक्रमाची उजळणी करावी. अंडे, अळी, कोष, पतंग या चार अवस्था मुलांकडूनच वदवून घ्याव्यात. नंतर असा प्रश्न विचारावा : “पतंग पिकाचे पान खातो का?” बहुतेक मुले “होय, गुरुजी” असे म्हणतील. पतंगाला चावण्याचे तोंडच नसते, तो मध शोषतो. पान खाते ती अळी, हे त्यांना सांगितले म्हणजे शत्रूची नेमकी अवस्था कोणती याकडे त्यांचे लक्ष वळते.

विषयप्रतिपादन : पेरणीनंतर दोन-तीन आठवड्यांचा मका ज्या शेतात आहे, त्या शेतकऱ्याची आगाऊ परवानगी घेऊन सकाळच्या वेळी वर्ग तेथे न्यावा. त्या शेतात नजीकच्या काळात औषध फवारलेले नाही याची खात्री शिक्षकाने स्वतः करून घ्यावी. मुलांचे पाच गट पाडावेत. शेतात इंग्रजी डब्ल्यू अक्षराप्रमाणे नागमोडी चालत जाऊन पाच ठिकाणे निश्चित करावीत आणि प्रत्येक ठिकाणी एका गटाने ओळीने २० ताटे तपासावीत. बांधाजवळची सोयीची ताटे निवडू नयेत. तशी निवड केली तर शेताचे खरे चित्र मिळत नाही.

प्रत्येक ताटाविषयी चार प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत. पानाच्या दोन्ही बाजूंस अंडीपुंज आहे काय? पांढऱ्या खिडक्या आहेत काय? पोंग्यात ताजी, ओलसर विष्ठा आहे काय? अळी दिसल्यास डोक्यावरील रेघ व शेपटीकडील चार ठिपके आहेत काय?

पाच गटांची मिळून १०० ताटे होतात. यांपैकी जितक्या ताटांवर किडीची खूण आढळली, तोच आकडा शेकडा प्रमाण होय. शेकडेवारी म्हणजे काय हे समजावून सांगताना शिक्षकास नेहमी कल्पित दुकानदाराच्या नफ्यातोट्याचा आधार घ्यावा लागतो. येथे ती शेकडेवारी गावातल्याच एका कुटुंबाच्या पिकाची असते. मुले हे गणित विसरत नाहीत.

दुसरे गणित वर्गात करून घ्यावे. एक मादी तिच्या आयुष्यात सुमारे १,५०० अंडी घालते असे धरू. सगळी जगली आणि निम्म्या माद्या निघाल्या, तर पुढील पिढीच्या माद्या ७५०. त्यांपैकी प्रत्येकीने १,५०० अंडी घातली तर ११,२५,००० अंडी झाली, आणि ती केवळ दोन महिन्यांत. उत्तर फळ्यावर लिहून झाल्यावर शिक्षकाने थोडे थांबावे आणि विचारावे : “असे असेल, तर साऱ्या पृथ्वीवर अळ्याच अळ्या का झाल्या नाहीत?” हा या पाठातील मध्यवर्ती प्रश्न होय. मुलांना विचार करण्यास अवधी द्यावा. पाऊस, थंडी, उपासमार, पाखरे, कोळी, मुंग्या अशी उत्तरे हळूहळू येतील. त्यांतूनच मित्रकीटकांकडे वळावे.

तुलना : नव्या देशात आलेल्या किडीबरोबर तिचे शत्रू येत नाहीत, म्हणून आरंभी ती बेफाम वाढते. याची दोन उदाहरणे महाराष्ट्रातील अनेक पालकांच्या स्मरणात असतील. सन २००२ मध्ये सांगली भागातील उसावर लोकरी मावा मोठ्या प्रमाणावर दिसला. हा मावा आपल्याच देशाच्या ईशान्य भागात पूर्वीपासून होता, परंतु पश्चिम महाराष्ट्रातील फडांना तो नवा होता. पाने पांढऱ्या लोकरीने झाकून गेली आणि सर्वत्र घबराट उडाली. पुढे डिफा व मायक्रोमस या मावा खाणाऱ्या कीटकांची वाढ करून ते फडांत सोडण्यात आले आणि माव्याचा जोर ओसरला. दुसरे उदाहरण पपईवरील पिठ्या ढेकणाचे. मेक्सिको व मध्य अमेरिकेतील ही कीड सन २००८ मध्ये कोइमतूर येथे आढळली आणि महाराष्ट्रातील पपईच्या बागांतही पोहोचली. सन २०१० मध्ये तिच्यावर उपजीविका करणारी एक अतिसूक्ष्म गांधीलमाशी परदेशातून रीतसर तपासणी करून आणण्यात आली. ती बागांत सोडल्यावर, औषधांनी जे साधले नव्हते ते काही महिन्यांत साधले.

लष्करी अळीच्या बाबतीतही निसर्गाने काम सुरू केले आहे. ती भारतात आढळली त्याच वर्षी शास्त्रज्ञांना तिच्या अंड्यांत व अळ्यांत वाढणारे येथलेच परोपजीवी कीटक सापडले. ट्रायकोग्रामा व टेलेनोमस या नावांच्या गांधीलमाश्या मोहरीच्या दाण्याहूनही लहान असतात. त्या लष्करी अळीच्या अंड्यात आपले अंडे घालतात, आणि त्या अंड्यातून अळीऐवजी गांधीलमाशी बाहेर पडते. पोंग्यात शेपटीला चिमटा असलेला तपकिरी किडा दिसतो, तो लहान अळ्या खातो. दमट हवेत अळ्यांना एक बुरशी जडते. अशी अळी पोंग्यात कडक होऊन मरून पडलेली आढळते व तिच्यावर प्रथम पांढरा, मग फिकट हिरवा थर येतो. शेतात अशी मेलेली अळी सापडली, तर ती सर्व मुलांना आवर्जून दाखवावी. विषारी औषधाचा सरसकट फवारा मारला म्हणजे हे सारे मदतनीस आधी मरतात, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

तुलनेतच आणखी एक दक्षता शिकवावी. मक्यावरील प्रत्येक अळी परकी नसते. खोडकिडा येथला जुना आहे. त्याच्या अळीच्या डोक्यावर ती रेघ नसते व ती पुढे खोडात शिरून पोंगा वाळविते. देशी लष्करी अळीही वेगळी आहे. नाव देण्यापूर्वी खुणा पाहाव्यात, हा शास्त्राचा पहिला धडा होय.

निष्कर्ष : मुलांनी स्वतःच्या शब्दांत पुढील निष्कर्ष काढावेत. नवी कीड वेगाने वाढते, कारण तिला अन्न भरपूर मिळते, हवामान मानवते आणि शत्रू नसतात. ती लहान असताना सापडली तर थोडक्यात आटोपते. तिला ओळखण्यासाठी यंत्र लागत नाही, नियमित पाहणी लागते.

उपयोजन

शाळेच्या भिंतीवर ‘मका पाहणी’ या नावाचा एक तक्ता लावावा. आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी मुलांनी आपापल्या घरच्या शेतातील २० ताटे पालकांबरोबर पाहून नोंद आणावी. तक्त्यात तारीख, पिकाचे वय, तपासलेली ताटे आणि किडीची खूण असलेली ताटे एवढेच रकाने पुरेत. या नोंदींची प्रत गावात येणाऱ्या कृषि विभागाच्या कर्मचाऱ्यास दर आठवड्यास द्यावी. कोणते औषध, किती व केव्हा, हा सल्ला त्याने किंवा कृषि विज्ञान केंद्राने द्यावयाचा आहे. शाळेने तो देऊ नये.

घरी सांगण्याजोगे जे साधे उपाय आहेत, ते मुलांना अवश्य कळावेत. पीक निघाल्यावर खोल नांगरट केली की कोष वर येतात आणि ऊन व पाखरे त्यांचा नाश करतात. गावाने पेरणी शक्यतो एकाच सुमारास उरकली तर किडीला लहान मक्याची अखंड मेजवानी मिळत नाही. अंडीपुंज असलेले पान तोडून ते चिरडून टाकावे. एकरी पाच कामगंध सापळे लावले तर पतंग केव्हा आले ते कळते. एकरी दहा पक्षिथांबे उभारले तर पाखरे अळ्या टिपतात. पिकाच्या पहिल्या महिन्यात नऊ भाग वाळू व एक भाग चुना यांचे मिश्रण पोंग्यात टाकण्याचाही सल्ला देण्यात येतो. परंतु चुना डोळ्यांत व कातडीवर झोंबतो, म्हणून हे काम मोठ्या माणसांनीच करावे. आरंभीच्या अवस्थेत ५ टक्के निंबोळी अर्काचा उपयोग होतो. उन्हाळ्यात निंबोळ्या वेचून वाळविण्याचा उपक्रम शाळेस सहज घेता येईल.

पालकांना एक दिलासाही द्यावा. पाने फाटली म्हणजे पीक गेले असे नव्हे. वाढीचा कोंब शाबूत असेल तर लहान मका पानांचे बरेच नुकसान भरून काढतो. घाबरून केलेली फवारणी ही पुष्कळदा किडीपेक्षा महाग पडते. हिरवा मका जनावरांना घालावयाचा असेल, तर औषधाच्या वेष्टनावर सांगितलेले दिवस उलटल्याशिवाय तो कापू नये. अन्यथा ते विष गोठ्यात आणि तेथून दुधात जाण्याचा धोका असतो.

घ्यावयाची दक्षता

मुलांना औषधाची बाटली, फवारा, रिकामा डबा किंवा फवारणीचे कपडे यांस हात लावू देऊ नये. फवारणी चालू असता त्या शेताच्या आसपासही त्यांनी फिरकू नये. सन २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. ती माणसे अनुभवी होती. मुलांच्या बाबतीत यत्किंचितही सैल राहून चालणार नाही.

वर्गात जीवनक्रम दाखविण्यासाठी दोन-तीन अळ्या काचेच्या बरणीत, तोंडाला पातळ फडके घट्ट बांधून, मक्याच्या ताज्या पानांवर ठेवण्यास हरकत नाही. बरणीत दोन बोटे माती घालावी, म्हणजे कोष होताना पाहता येईल. प्रत्येक अळी वेगळ्या बरणीत ठेवावी, नाहीतर एकच उरेल. या गावची अळी त्या गावी नेऊ नये, आणि बाहेर आलेला पतंग कोणत्याही कारणाने सोडून देऊ नये. तो साबणाच्या पाण्यात टाकून मारावा. शेतातून आल्यावर सर्वांनी हात स्वच्छ धुवावेत.

शेवटची दक्षता अधिक नाजूक आहे. एखाद्या मुलाच्या शेतात कीड प्रथम सापडली, तर त्याचे नाव वर्गात उपहासाने घेतले जाऊ नये. गावात असे दिसून येते की, ज्याच्या शेतात रोग किंवा कीड प्रथम दिसते, त्याच्याकडेच निष्काळजीपणाचा दोष लावला जातो. म्हणून तो ती गोष्ट लपवितो, आणि लपविलेली कीड साऱ्या शिवारात पसरते. पतंग रात्री शंभर किलोमीटरांवरून येतो. तो कोणाचा बांध पाहून उतरत नाही. ज्या मुलाने पहिला अंडीपुंज शोधला त्याने आपल्या घराचेच नव्हे, तर शेजाऱ्यांचेही हित केले, असे शिक्षकाने सर्वांसमक्ष सांगावे. ज्या वर्गात सापडलेली वाईट गोष्ट निर्भयपणे सांगता येते, त्या वर्गातून तयार होणारा शेतकरी आपल्या गावाला वेळीच सावध करील.

स्वाध्यायासाठी प्रश्न

१. अमेरिकन लष्करी अळीच्या ओळखीच्या दोन खुणा कोणत्या? आकृती काढून दाखवा.
२. उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात या किडीचे काय होते? आपल्या गावात तसे का होत नाही?
३. तुमच्या गटाने तपासलेल्या ताटांपैकी शेकडा किती ताटांवर किडीची खूण होती? मागील आठवड्याशी तुलना करा.
४. अळी मोठी झाल्यावर फवारणीचा उपयोग कमी का होतो?
५. तुमच्या शेतात दिसलेल्या तीन मित्रकीटकांचे किंवा पाखरांचे वर्णन लिहा.
६. घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून, त्यांच्या लहानपणी नसलेली पण आता पिकांवर दिसणारी एखादी कीड किंवा शेतात उगवणारे एखादे तण यांची माहिती मिळवा.

सहाव्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकाने काळजीपूर्वक जतन करावीत. कोणती कीड गावात केव्हा आली, कोणत्या पिकावर आली व कशाने आटोक्यात आली, याची नोंद बहुतेक गावांत कोठेही लिहिलेली नसते. शाळेच्या दप्तरात ती वर्षानुवर्षे साठत गेली, तर पुढील परकी कीड येईल तेव्हा गावाला आपला मागील अनुभव पाहता येईल.